लालचं पिवळं कसं झालं

मंगळवार, ४

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मन मोकळं करायचं नसतं. तिथे तारीख, वजन, तापमान. म्हणून ही दुसरी वही काढली आहे. इथे उरलेलं सगळं.

आज सतरा नंबर आला. म्हणजे अमिनो आम्लांची वीस मण्यांची साखळी, कारखान्यात जोडलेली. जंतूच्या कवचाला ती भोकं पाडते असा आमचा दावा आहे. आधीच्या सोळा साखळ्यांनी आमची पुरेशी शोभा केली आहे. ही सतरावी कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड बनून बसली आहे. तेवीस वर्षं मी हेच करते, पण आज कुपी उघडण्याआधी तिचं झाकण दोनदा पुसलं, कारण तिच्या शेजारी दुसरी कुपी होती. हॉस्पिटलच्या तपासणी विभागातल्या माझ्या मैत्रिणीने खडूच्या पायातले जंतू वाढवून पाठवलेत. रीतसर, सगळे कागद करून. लेबलवर नाव नाही, नुसता आकडा आहे. पण मला माहीत आहे ना कोणाचे ते.

खडू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी खडू खायचा. आता एकोणचाळीस वर्षांचा घोडा झाला, भिंती रंगवून संसार चालवतो, तरी आमच्यासाठी खडूच. अडीच महिन्यांपूर्वी एका शाळेच्या जिन्यात काम करताना शिडीवरून पडला. नडगी मोडली, सळई घातली, आणि सळईबरोबर हे पाहुणे हाडात शिरले. पाच औषधं झाली. पाचही पचवून ढेकर देऊन बसलेत.

शुक्रवार, ७

पूड आली की लगेच वापरता येत नाही. साखळी तयार झाली की ती तीव्र आम्लाने सोडवून घेतात आणि ते आम्ल तिला चिकटून येतं. ते घालवायला पूड पाण्यात विरघळवायची, गोठवायची, निर्वातात सुकवायची. आमच्याकडे हे तीनदा करतात. एका वेळेला दीड दिवस जातो.

तीनदा हा काकांचा कायदा. काका म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. ते मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर आहेत, वीस तारखेला येतील. जाताना मला बजावून गेले, "मशीनला हात लाव, माझ्या पद्धतीला लावू नकोस."

मी एकदाच सुकवलं. पूड अगदी कापसासारखी हलकी निघाली, आणखी काय पाहिजे? तीन दिवस वाचले. माझ्याकडे तीन दिवस आहेत कुठे! नोंदवहीत 'सुकवले' एवढंच लिहिलं. ते काही खोटं नाही.

रविवार, ९

हॉस्पिटलमध्ये दुपारभर होते. खडूची खाट खिडकीजवळ आहे. त्याचं लक्ष पायाकडे नाही, भिंतीकडे.

"हा रंग कोणी लावलाय गं? बघ, एका हातात उरकलंय."

"मला तर चांगला दिसतोय."

"दिसतो चांगलाच. दिसायला एक हात काय नि तीन हात काय, सारखेच. वर्षभरात पोपडे धरतात तेव्हा कळतं. गिऱ्हाइकाला घाई असते, रंगाऱ्याला त्याहून जास्त."

मग माझ्या घरातल्या शिडीची चौकशी. पडायच्या आदल्या रविवारी त्याने माझ्या बैठकीच्या खोलीची भिंत अर्धी रंगवली होती. फिकट हिरवी. उरलेली अर्धी तशीच आहे, शिडी तशीच आहे, आणि रंगाचा डबाही.

"शिडीवर कपडे वाळत घालत नाहीस ना?"

"नाही रे."

"घालतेस. मला माहितीय."

घालते. आल्याबरोबर काढले.

त्याच्या बायकोने चहा दिला, पण बोलली फारसं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. रोज सकाळी पट्टी बदलताना जखम तिला दिसते. मला दिसत नाही, मी तोपर्यंत पोहोचलेली नसते.

मंगळवार, ११

काय लिहू?

काल संध्याकाळी प्लेट लावली होती. प्लेटला शहाण्णव खळगे असतात. सगळ्यांत जंतूंचं खाणं, ज्याला आम्ही सूप म्हणतो, आणि सगळ्यांत खडूचे जंतू. पहिल्या खळग्यात सतरा नंबर भरपूर, मग प्रत्येक खळग्यात अर्धा अर्धा होत जातो. सकाळी बघायचं. खळगा गढूळ म्हणजे जंतू वाढले, स्वच्छ म्हणजे मेले.

सातव्या खळग्यापर्यंत स्वच्छ. सातव्या! आधीच्या सोळांपैकी एकीलाही दुसऱ्या खळग्याच्या पुढे जाता आलं नव्हतं. मी प्लेट उजेडात धरून उभीच राहिले. कोणी बघत नाही असं पाहून प्लेटच्या झाकणाची पापी घेतली. वय वर्षं सेहेचाळीस.

आणि दुपारी सर्जननी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. या आठवड्यात गुडघ्याखाली पाय काढावा. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर माणूस चालतो, जिने चढतो. "तुमच्यासारखा चपळ माणूस सवयीने शिडीही चढेल. पण जंतू वर सरकले तर मांडीतून काढावा लागेल. मग शिडी विसरा."

त्याची बायको म्हणाली, "करून टाकू या सही."

खडू तिच्याकडे बघेना. माझ्याकडे बघत होता. "ताई, तू सांग. तुझाच विषय आहे हा."

मी म्हटलं, "थांब. मला दोन आठवडे दे."

सर्जननी केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाले, "मी सल्ला दिला होता एवढं लिहून ठेवतो." ठेवा की. मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. प्लेट माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला?

बुधवार, १२

आमच्या विभागप्रमुख बाईंना प्लेट दाखवली. चष्मा वर, चष्मा खाली. मग म्हणाल्या, "ही प्लेट आहे. औषध नाही."

"पण बाई, सातवा खळगा."

"दिसतंय मला. तीनदा कर. तीनही वेळा असंच आलं तर तुझ्या भावाला द्यायच्या विशेष परवानगीसाठी समितीला पत्र मी लिहीन. आणि माणसाच्या पेशींना इजा करत नाही ना, तेही बघून दे. त्याशिवाय पत्राला अर्थ नाही."

बाई कधी आशेला लावत नाहीत. आज 'लिहीन' म्हणाल्या. मी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले.

शनिवार, १५

तीनदा झालं. तीनही वेळा सातव्यापर्यंत स्वच्छ. माझा हात इतका अचूक कधीच नव्हता.

पेशींचं मात्र राहिलं. माणसाच्या पेशी वाढवायचं पाणी लाल असतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं. त्यात सतरा नंबर टाकला आणि बघता बघता ते पिवळं झालं. बाटली जुनी, बिघडली असणार. सगळं फेकलं आणि नवीन बाटली मागवली. सोमवारनंतर येईल. एवढ्याने काही अडत नाही.

संध्याकाळी खडूला सगळं साग्रसंगीत सांगितलं. त्याला प्लेटची गोष्ट फार आवडते, 'शहाण्णव खोल्यांचं रंगकाम' म्हणतो. पिवळ्याचं सांगितलं तर उठून बसला.

"लाल होतं ते पिवळं का झालं?"

"बाटली जुनी असेल."

"तू टाकायच्या आधी लाल होतं ना?"

"हो."

"मग जुनी कशी? लाल आपोआप पिवळं होत नसतं, ताई. काहीतरी पडलंय त्यात."

"हे भिंतीचं काम नव्हे, रंगारीसाहेब."

"बरं बाई. तू शिकलेली." मग पत्राचं सांगितलं तर हसायला लागला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बांध तू बाशिंग. गुडघा तेवढा राहू दे म्हणजे झालं."

आम्ही दोघं इतके हसलो की नर्स आली. त्याची बायको हसली नाही. ती म्हणाली, "ताई, मांडीजवळ गरम लागतंय दोन दिवस." मी म्हटलं, पट्टी घट्ट असेल.

मंगळवार, १८

खडूला ताप. एकशे दोन. बाईंनी पत्र पाठवलं, पेशींचा निकाल 'मागाहून' असं लिहून. त्यांनी स्वतःचा नियम मोडला, माझ्याकडे बघून. समिती पुढच्या सोमवारी बसणार आहे. सोमवार किती लांब आहे.

नवीन बाटली आली नाही.

गुरुवार, २०

काका आले. नात झाली म्हणून सगळ्यांना पेढ्याच्या ऐवजी पेनं वाटली, गोड खायला त्यांना स्वतःला बंदी आहे. मी पेन बाजूला ठेवून प्लेट पुढे केली. माझे प्रताप दाखवायची घाई.

काकांनी प्लेट पाहिली. कुपी पाहिली. मला वाटलं शाबासकी येणार.

"किती वेळा सुकवलंस?"

"एकदा."

त्यांनी खणातून आम्ल तपासायच्या कागदाची पट्टी काढली, शाळेतली पोरं वापरतात तसली. काडीच्या टोकाने विरघळवलेल्या सतरा नंबरचा एक थेंब त्यावर टेकवला. पट्टी लाल झाली. कुंकवासारखी लाल.

मी बसले. कशावर ते आठवत नाही.

आम्ल. जंतू सतरा नंबरने मेलेच नव्हते. चिंचेच्या पाण्यात टाकले असते तरी मेले असते. आणि मी तेच पाणी चार वेळा टाकून चार वेळा आनंदाने नाचले. कुपीतच चूक असेल तर तीनदा केलं काय आणि तीनशेदा केलं काय.

काका म्हणाले, "तू घाई केलीस हे समजतं मला. पण पेशींच्या पाण्याने सांगितलं असेल की. त्यात रंग असतो तो याच्यासाठीच. आम्ल पडलं की पिवळं होतं."

सांगितलं होतं. खडूनेही सांगितलं होतं.

मी धावत हॉस्पिटलला गेले. खडूच्या खाटेजवळ पडदा ओढलेला होता. सर्जन बाहेर येत होते. मी म्हटलं, "कापा. आजच कापा. गुडघ्याखाली." ते म्हणाले, "बाई, गुडघ्याखाली आता काही उरलेलं नाही."

शुक्रवार, २१

मांडीतून. साडेचार तास. जगला.

सोमवार, २४

आज नीट शुद्धीवर होता. चादर एका बाजूला सपाट आहे. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

"गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं," तो म्हणाला. "बुटांचा जोड घ्यायचा तर निम्मा दुकानदारालाच ठेवून घे म्हणेन." मी हसले नाही. मग तोच म्हणाला, "तू का तोंड पाडून बसलीस? तू केलंस ना तुझ्याकडून सगळं. नशीब म्हणायचं."

मी गप्प बसले. देवा, मी गप्प बसले. बायको त्याच्या तोंडात पाण्याचा चमचा घालत होती, आणि मी त्याने मला माफ केलेलं ऐकून घेत होते, त्याला ठाऊक नसलेल्या गुन्ह्यासाठी.

मी निघताना त्याने विचारलं, "तुझा तो सतरा नंबर पुढच्या माणसाला तरी लागू पडेल ना?"

मी म्हटलं, "बघू."

गुरुवार, २७

काकांनी उरलेली पूड तीनदा सुकवली. मी प्लेट लावली. काका शेजारी उभे. सकाळी पाहिलं. पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत गढूळ. आधीच्या सोळांसारखीच सतरावी. खडूचे जंतू मजेत वाढलेत.

बाईंनी सोमवारच्या आधीच समितीकडून पत्र परत मागितलं होतं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग नोंदवही उघडली. आमच्याकडे चुकीची नोंद खोडायची, फाडायची, झाकायची परवानगी नाही. आडवी एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण आणि सही. चार पानांवर 'स्वच्छ' लिहिलं होतं. चार रेघा मारल्या. मग मागे जाऊन सात तारखेच्या 'सुकवले' पुढे 'एकदाच' असं लिहिलं आणि सही केली.

काका म्हणाले, "ही वही झाली. दुसरी?"

त्यांना या वहीचं माहीत नाही. ते खडूबद्दल बोलत होते.

शनिवार, २९

सांगितलं.

दोन्ही वह्या पिशवीत घेऊन गेले होते, कारण नुसतं तोंडाने सांगायला गेले असते तर मी काहीतरी मऊ करून सांगितलं असतं. माझा मला भरवसा नाही राहिला. जेवणाचा डबा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. एकदाच सुकवलं ते, आम्ल, पट्टी, सगळं.

खडू ऐकत होता. मध्ये एकदाच बोलला. "ते पिवळं?"

"तेच."

"मी काय म्हटलं होतं तेव्हा? लिहिलंयस?"

"लिहिलंय."

"वाच."

मी पंधरा तारीख वाचली. 'लाल आपोआप पिवळं होत नसतं, ताई. काहीतरी पडलंय त्यात.' पुढची ओळ वाचवेना. तो म्हणाला, "पूर्ण वाच." मग माझं तेही वाचलं, भिंतीचं काम नव्हे ते.

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळू म्हणाला, "म्हणजे मी इथे पडल्यापडल्या ओळखलं होतं. आणि तू..." मी इतक्या वर्षांत त्याला असा बोलता बोलता थांबलेला पाहिला नाही.

त्याची बायको म्हणाली, "मी सही करू या म्हणत होते." आवाज चढवला नाही. "मी शिकलेली नाही ना. मला फक्त दिसत होतं." तिने मी आणलेला डबा माझ्या हातात परत दिला. "उद्यापासून डबा मी आणत जाईन, ताई. तुम्ही त्रास घेऊ नका."

घरी येऊन डबा उघडला नाही. या वहीतलं ते वाक्य काढलं, 'मी म्हटलं, थांब'. रेघ मारायला पेन उचललं. काकांनीच दिलेलं पेन. मारली नाही. रेघ मारून काय होणार, खालचं वाचता येणारच.

रविवार, २०

तीन आठवडे वहीत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. कामावर जाते, अठरा नंबर आलाय, तीनदा सुकवते. खडू दहा दिवसांपूर्वी घरी गेला, हे मला मैत्रिणीकडून कळलं. फोन मी केला नाही. कोणत्या तोंडाने करू? रोज फोन हातात घ्यायचा, ठेवायचा.

आज सकाळी त्याचाच आला. हॅलो नाही, काही नाही.

"भिंत अर्धीच आहे ना अजून?"

"हो."

"दुपारी येतो. रंगाचा डबा उघडून ठेव. वर साय धरली असेल ती काढ."

टॅक्सीने आला. कुबड्यांवर दाराची पायरी चढायला त्याला किती वेळ लागला ते मी लिहिणार नाही. मी हात पुढे केला तर "सरक" म्हणाला. त्याची बायको टॅक्सीतच बसून राहिली. मी दारातून बघितलं, तिने मान वळवली. तिच्या जागी मीही वळवली असती.

खडू शिडीच्या पायाशी स्टुलावर बसला. शिडीवर हात फिरवला. "कपडे घालतेस."

"आता नाही."

"हं." मग म्हणाला, "चढ. मी सांगतो तसं कर."

मी आयुष्यात शिडी चढलेले नाही. तिसऱ्या पायरीवर गुडघे शिडीला दाबून धरले. माझे दोन्ही गुडघे. खाली त्याने कुबड्या जमिनीवर टाकून दिल्या आणि शिडी धरली.

"खाली बघू नकोस. ब्रश डब्यात अर्धाच बुडव. काठाला पुसून घे. वरून खाली. एकाच ओढीत. थांबलीस की डाग पडतो."

मी एक पट्टा ओढला. थोडा ओघळला. दुसरा ओढणार इतक्यात मला तो जुन्या भिंतीच्या शेजारी वेगळा दिसला. जरासा गडद. जुना डबा, तसंच असेल, असं मनात आलं आणि हात भिंतीपाशी गेलाही होता. तिथेच थांबवला.

"खडू, हा रंग जुन्यापेक्षा गडद दिसतोय. असाच असतो का?"

त्याने बजावलेलं असूनही मी खाली बघितलं. तो भिंतीकडे बघत होता, डोळे बारीक करून, कामावर असताना बघतो तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

"ओला आहे म्हणून," तो म्हणाला. "वाळला की जुळेल." थोड्या वेळाने म्हणाला, "विचारलंस ते बरं केलंस."

मला रडू आवरेना. शिडी हलायला लागली.

"रडू नकोस, पडशील. आपल्या घरात एक पडला तेवढा पुरे." मग म्हणाला, "तीन हात द्यायचे. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. घाई करू नकोस, मला आता कुठे जायचंय?"

मी ब्रश अर्धा बुडवला, काठाला पुसला आणि दुसरा पट्टा ओढला. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली होती.